‘हेल्पर पाहिजे’ म्हणून ठेवलेली पोरं काम शिकतात का? (बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या खाद्यव्यवसायवाल्यांसाठी)

भट्टीवाला

नमस्कार मंडळी. माझी अनगोळ बाजूला छोटी बेकरी आहे. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई. माझ्यासकट सात माणसं. बरेच दिवस मनात असलेला विषय आज लिहितोय, जरा लांब होईल.

गेल्या श्रावणात पश्चिम भागातला एक मुलगा कामाला आला. दहावी झालेला, गणितात दोनदा अडकून तिसऱ्यांदा सुटलेला. आधी अकरा महिने दुसऱ्या एका बेकरीत होता. मला बरं वाटलं, तयार माणूस मिळाला. पहिल्याच पहाटे त्याला म्हटलं, पावासाठी दहा किलो मैदा मळायला घे. तो मिक्सरसमोर जाऊन उभा राहिला.

"पाणी किती घेतोस?"
गप्प.
"मीठ?"
गप्प. मग खाली बघत म्हणाला, "अण्णा, मी ट्रे धुवायचो आणि पुडे बांधायचो. मिक्सरजवळ जाऊ देत नव्हते."

अकरा महिने रोज पहाटे चारला उठून बेकरीत जाणारा मुलगा, आणि त्याला पावात मीठ किती पडतं ठाऊक नाही. चूक त्याची म्हणायची का?

आपण सगळे मालक एकाच सुरात ओरडतो की माणूस मिळत नाही. खडेबाजारपासून उद्यमबागपर्यंत ‘हेल्पर पाहिजे’च्या पाट्या लागलेल्या असतात. आणि तिकडं खानापूर, हिंडलगा, उचगाव, कडोली पट्ट्यातली पोरं गोव्याच्या आणि पुण्याच्या गाडीत बसतात. माझं स्पष्ट मत सांगतो. माणूस कामाला ठेवणं वेगळं आणि त्याला काम शिकवणं वेगळं. दुसरं काम आपोआप होत नाही. कुणीतरी एकानं ते अंगावर घ्यावं लागतं आणि रोज त्याला वेळ काढावा लागतो.

त्या दिवसापासून मी एक वही सुरू केली. दोनशे पानी, वजनकाट्याशेजारी सुतळीनं टांगलेली. पहिला महिना फक्त स्वच्छता आणि वजन. दुसरा मळणं. तिसरा वळणं आणि फुगवणं. चौथा भट्टी. पाचवा खारीचे पदर. सहावा हिशोब, पॅकिंग, गिऱ्हाईक. जे शिकवलं ते तोच लिहिणार, शेजारी तारीख आणि माझी सही.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. बेकरीत सगळं माप मैद्यावर चालतं. मैदा म्हणजे शंभर. पाणी साठ, मीठ दोन, ताजं यीस्ट तीन. दहा किलो मैदा असेल तर पाणी सहा किलो, मीठ दोनशे ग्रॅम, यीस्ट तीनशे. हे त्याला एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम म्हटलं, आज मैदा साडेसात किलोच शिल्लक आहे. त्यानं खडू घेतला, मिक्सरच्या पत्र्यावर मांडलं आणि म्हणाला, "पाणी साडेचार, मीठ दीडशे ग्रॅम." गणितात दोनदा नापास झालेलं पोर. पुढं उन्हाळ्यात मी त्याला पाण्याचं तापमान काढायला शिकवलं. मळलेलं पीठ २७ अंशावर हवं असेल तर सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी. त्यातून मैद्याचे ३०, खोलीचे ३१ आणि मिक्सरच्या घर्षणाचे साधारण ८ वजा केले की उरले १२. म्हणजे पाण्यात बर्फ टाका. आता हे तो मला न विचारता करतो.

मला विचारायचंय ते असं. काजू, कुंदा-करदंटसारखी मिठाई, मसाला, गूळ, लोणची, डेअरी, हॉटेल, यातले लोक इथं आहेत. तुमच्याकडं नवीन मुलं-मुली कशी शिकतात? कागदोपत्री प्रशिक्षणार्थी ठेवता येतो का? पालकांनो आणि पोरांनो, तुमचे अनुभवही मोकळेपणानं लिहा. फक्त कुठल्या दुकानाचं किंवा कारखान्याचं नाव नको.

---

जांबोटी_रोड

धाग्याची फार गरज होती. वाचतोय.

---

काजूबोंडू

दादा, आमचं काजूचं युनिट आहे, खानापूर आणि चंदगडच्या मधल्या पट्ट्यात. तीसेक बायका, त्यातल्या आठ-दहा वीस-बावीस वर्षांच्या मुली. तुमच्या वहीचं वाचून तुम्ही आमचंच बोलताय असं वाटलं.

आमच्यात शिकण्याच्या आड येतो तो किलोवरचा दर. जेवढं सोलाल तेवढे पैसे. जुन्या हाताला तो परवडतो. नवीन मुलीचे पहिले तीन आठवडे हात चालत नाहीत, दिवसाला हाती काहीच पडत नाही, शेजारची तिला दाखवायला थांबली तर तिचंही किलोचं नुकसान. मग कुणी दाखवत नाही. चौथ्या आठवड्याला मुलगी घरी. मी बरीच वर्षं समजत होते की ‘आजकालच्या मुलींना चिकाटी नाही’. चिकाटीचा प्रश्न नव्हता, दराचा होता.

दोन वर्षांपूर्वी बदल केला. नवीन मुलीला पहिला महिना रोजावर ठेवायचं आणि जिच्याशेजारी ती बसते त्या बाईलाही त्या महिन्यापुरता रोजच द्यायचा. महिना झाला की दोघी किलोवर. आता टिकतात.

आणखी एक. मुलींना फक्त सोलायला बसवू नका. बी वाफवायची, दिवसभर गार करायची, मग कटिंग, मग ड्रायर, मग सोलणं, मग ग्रेडिंग. प्रत्येक ठिकाणी का, ते सांगा. गरम बी कापली तर गर तुटतो आणि अख्ख्याची पाकळी होते, पाकळीचा तुकडा. भाव कुठल्या कुठं पडतो. ग्रेडिंगचा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात ते. ३२० नंबरात तीनशे ते तीनशे वीस गर, २४० नंबरात दोनशे वीस ते दोनशे चाळीस. आकडा लहान तेवढा काजू मोठा. हे कळलं की मुलगी मोजायला लागते आणि मोजून मोजून तिच्या डोळ्यातच माप बसतं. आमच्यातली एक आता मॉइश्चर मीटर लावते. गराचा ओलावा पाच टक्क्यांच्या वर गेला की पोतं परत ड्रायरला. मला विचारतसुद्धा नाही.

कटिंगला मात्र मी अठराच्या आतलं कुणी बसवत नाही. टरफलाचं तेल कातडी जाळतं. हातमोजे घातले नाहीत तर काम बंद, भले ऑर्डर अडकू दे.

---

वडगावची_आई

मला सगळ्यातलं काही कळत नाही पण लिहिते. माझा मुलगा बारावी करून एका फरसाणच्या कारखान्यात लागला. ‘ट्रेनिंगला घेतो’ म्हणाले. सकाळी आठ ते रात्री आठ. पगाराला ट्रेनिंगचा पगार म्हणायचे, म्हणजे कमी. नऊ महिन्यांनी तळणाच्या कढईशेजारी घसरून पाय भाजला. दवाखान्याचे पैसे आम्ही भरले. विचारायला गेलो तर ‘तो आमच्या रजिस्टरवर नाही’. ट्रेनिंगचा कागद मागितला तर तोही नाही.

आता घरी आहे. पाय बरा आहे. पण ‘काम शिकायला जा’ म्हटलं की तोंड फिरवतो. मला एवढंच सांगा, शिकायला ठेवलंय की राबवायला ठेवलंय हे आईबापानं पहिल्या दिवशी कसं ओळखायचं?

---

झेरॉक्स_आणि_ऑनलाइन

ताई, वाचून वाईट वाटलं. मी संकेश्वरला ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान चालवतो, यातले बरेच फॉर्म माझ्या हातून जातात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: करार.

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ सालचा कायदा आहे, अप्रेंटिस कायदा. त्याखाली घेतलं तर मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो आणि तो सरकारच्या पोर्टलवर नोंदवला जातो. त्यात किती महिने, कुठलं काम, किती विद्यावेतन ते लिहिलेलं असतं. कराराचा नंबर नसेल तर ते ‘ट्रेनिंग’ फक्त तोंडी. मग मुलगा साधा कामगार, आणि साध्या कामगाराला किमान वेतन मिळालंच पाहिजे. ‘ट्रेनिंगचा पगार’ म्हणून त्याच्या खाली देता येत नाही.

भट्टीवाला अण्णा, तुमच्यासाठी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ ठेवणं सक्तीचं आहे. ४ ते २९ माणसांवाल्याला ऐच्छिक. एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. तुमच्या सात जणांत हिशोबानं एक बसतो. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आहे, तिच्यात विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार देतं. २०२३ पासून तो थेट मुलाच्या खात्यात जातो. २०१९ च्या नियमांत दहावी झालेल्याला महिना किमान ६००० आणि बारावी झालेल्याला ७००० होते. करार करताना पोर्टलवर चालू आकडा बघूनच भरा.

खाद्यधंद्यातले कोर्स त्यात आहेत, बेकिंगचाही आहे. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र.

पण माझा अनुभव विचाराल तर कायदा अवघड नाही, नाव अवघड आहे. आपल्याकडच्या पोराच्या मार्कशीटवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आधारवर नाव आणि पुढं नुसतं इनिशियल. बँकेत तिसरंच. तीन ठिकाणी तीन नावं असली की पैसे अडकतात आणि पोरगं म्हणतं योजना खोटी आहे. दहावीच्या सुट्टीतच आधार, बँक आणि मार्कशीट एकसारखी करून घ्या. माझ्या दुकानात येणाऱ्या दहातल्या सहा जणांचं काम इथंच अडतं.

खानापूरच्या खालच्या बाजूच्यांनी हल्याळचं कॅनरा बँक देशपांडे आरसेटी, म्हणजे गावाकडच्यांना स्वयंरोजगार शिकवणारी संस्था, तीही बघावी. राहणं-जेवण धरून मोफत शिकवतात, स्वतःचा धंदा काढायचा असेल त्याला उपयोगी.

---

वडगावची_आई

करार. लिहून ठेवते. आभारी आहे.

---

रवाळ

भट्टीवाला, तुमची तळमळ पटते, पण दुसरी बाजूही ऐका. आमचा कुंद्याचा तिसऱ्या पिढीचा धंदा. मी तीन पोरांना शिकवलं. तिघंही गेली. एक तर दोन गल्ल्या सोडून दुसऱ्याकडं लागला, आमच्या हाताची चव घेऊन. शिकवायचं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा? कुंद्याचं खरं काम शेवटच्या अर्ध्या तासात असतं. दूध आटत आलं, साखरेचा रंग चढला, की झारा क्षणभर थांबला तरी तळाला धरतं आणि अख्खी कढई धुरकट वासाची होते. तो हात तयार व्हायला मला चार वर्षं लागली. ते मी सहा महिन्यांच्या वहीत लिहून देऊ?

---

भट्टीवाला

रवाळ, राग नाही, मनापासून उत्तर देतो. माझ्याकडून शिकून चौघं गेले. एक गोव्यात आहे, एकाचा पत्ता नाही. उरलेल्या दोघांनी गावात छोटी दुकानं टाकली. स्वतःची भट्टी परवडत नाही म्हणून टोस्ट आणि खारी माझ्याकडूनच नेतात, आठवड्याला प्रत्येकी पाच-सहा डबे. जाणार होतेच, न शिकवता ठेवले असते तरी गेले असते, आणि तेव्हा माझ्याकडून माल न्यायला परत आले नसते.

शेवटच्या अर्ध्या तासाचं तुमचं बरोबर आहे. तो हात लिहून देता येत नाही, आणि तुम्ही द्यावा असंही मी म्हणत नाही. पण कुंद्याच्या आधी आणि नंतर किती काम असतं. दूध आलं की लॅक्टोमीटर (दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी) लावणं, फॅट बघणं, कढईची स्वच्छता, वजन, पॅकिंग. पाकिटावर बॅच, तारीख, चौदा आकडी परवाना नंबर, हिरवी खूण. सुट्या मिठाईच्या ट्रेवरसुद्धा १ ऑक्टोबर २०२० पासून ‘कधीपर्यंत खावं’ ही तारीख लावावी लागते. यातलं एक जरी पोराला नीट आलं तर तो कुठल्याही मिठाईवाल्याकडं उभा राहील, आणि तुमची चव तुमच्याकडंच राहील.

---

गोव्यात_आहे

अण्णा, मी कणकुंबीकडचा. आठ वर्सं झाली, गोव्यात हॉटेलच्या किचनमध्ये. तुम्ही विचारला म्हणून लिवतो.

पोरं गोव्याला का जातात? पगार हाय हे खरं, पण तेवढ्यासाठीच नव्हं. मी आलो तेव्हा पहिले चार महिने बटाटे, कांदे, मासे साफ करणं, भांडी. पाचव्या महिन्यात शेफनं सुरी हातात दिली आणि पुढं उभं राहून दाखवलं. बोटं आत मोडून धरायची, नखं सुरीकडं नकोत, सुरीचं टोक फळीवरनं उचलायचं नाही. दोन गोणी कांदा एका मापात चिरला तवा म्हणाला, उद्यापासनं ग्रेव्हीला. पुढची पायरी कुठली हे मला ठाऊक होतं. बेळगावात मी त्याआधी एका ठिकाणी होतो. तिथं पुढं पायरीच नव्हती. आज टेबल पुस, उद्या टेबल पुस. घरातनं आई फोन करायची, ‘काय करूलाईस रे?’ मी म्हणायचो, शिकूलोय. खोटं बोलायचो.

पगार कमी असला तरी पायरी दाखवा. थांबतील पोरं. मला आज कुणी बेळगावात बोलावलं तर येणार. इथं भाडं भरून हातात काय उरतंय ते मलाच म्हाइत.

---

काजूबोंडू

तुमचा ‘शिकूलोय’ वाचून गलबलून आलं. या, खरंच या परत.

---

मराठी_शाळेचा_मास्तर

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलात शिकवतो. दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

एक भाषा. निपाणी-चिकोडी बाजूची किंवा बेळगाव शहरातली पोरं कानडी ऐकत मोठी होतात. आमच्या जंगलपट्ट्यातल्या पोरांचं तसं नसतं. उद्यमबाग, होनगा, काकतीकडं कामाला गेलं की सुपरवायझर कानडीत बोलतो, यंत्रावर इंग्रजी, सूचना कानडीत. पोरगं घाबरून ‘हो’ म्हणतं आणि चुकीचं करतं. मग त्याच्यावर ‘बुद्धी नाही’ असा शिक्का. मी नववी-दहावीच्या मुलांना जेवणाच्या सुट्टीत चाळीस शब्दांचा तक्ता करून घेतला. उप्पु मीठ, सक्करे साखर, हिट्टु पीठ, नीरु पाणी, तूक वजन, बिसि गरम, येच्चरिके म्हणजे सावध. महिनाभरात पाठ होतो. कानडी शिकल्यानं आपली मराठी कमी होत नाही, हे मी मराठीचा शिक्षक म्हणून सांगतो. मालकांनीही भिंतीवर सूचना दोन्ही भाषांत लावाव्यात. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरी गोष्ट मुलींची. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे. म्हणजे कणकुंबीच्या मुलीला बेळगावला यायला तिकीट नाही. पण शेवटची बस कधी सुटते बघा. कामाची पाळी त्या वेळेत बसत नसेल तर फुकट तिकिटाचा काय उपयोग? मालक पाळी अर्धा तास अलीकडं घेतील का? मी तीन मुलींच्या घरी जाऊन आलो. तिघींच्या वडिलांनी पगार विचारला नाही. परत किती वाजता येईल, एवढंच विचारलं.

---

काजूबोंडू

मास्तर, आम्ही याच कारणासाठी पाचची सुट्टी साडेचारला केली. सकाळी अर्धा तास लवकर सुरू करतो. काही नुकसान झालं नाही.

---

प्रशासक

सीमाप्रश्नावरचे दोन प्रतिसाद त्या विषयाच्या धाग्यात हलवले आहेत. इथं कामाचंच बोलूया.

---

गुळव्याची_नात

माझं गाव रायबाग तालुक्यात. आजोबा गुळव्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: गुऱ्हाळावर रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, चढल्यापासून गूळ वाफ्यात ओतेपर्यंत ज्याचा शब्द चालतो तो गुळव्या. चुलवाणात चिपाड टाकणारा जाळव्या वेगळा. आमच्या गुऱ्हाळावर दोन पोरं चार हंगाम जाळ घालत होती. काहिलीजवळ कधी आली नाहीत, कारण आजोबांचा धाक.

मी फूड टेक्नॉलॉजी शिकले. सुट्टीत थर्मामीटर घेऊन गेले. आजोबा म्हणाले, "काच घालून गूळ कळतोय व्हय?" ते पाक पाण्याच्या वाटीत टाकतात, दोन बोटांनी गोळी वळतात, गोळी परातीवर आपटतात. टण्ण वाजली की काहील उतरवा. मी काही बोलले नाही. ते गोळी आपटत होते तेव्हा फक्त आकडा लिहिला. ११८. दुसऱ्या काहिलीला ११८. तिसरीला ११७. पाच काहिली झाल्या तेव्हा वही त्यांच्यापुढं धरली. काकवी बाजूला काढतात तेव्हाचा आकडाही लिहिला होता, १०५-१०६. बराच वेळ बघत बसले. मग त्या दोन पोरांना हाक मारली, "या रे इकडं. आकडा ११० झाला की मला उठवायचं. ११५ ला वाटी आणायची. गोळी मी दाखवतो."

आता दोघं वाटी आणि आकडा दोन्ही बघतात. थर्मामीटर फुटला तरी गोळी येते, आणि आजोबा नसले तरी आकडा आहे. भेंडीचा चिकट रस किती टाकायचा, मळी कधी काढायची, चुना किती, हेही लिहून काढतोय. आधी रंग आला नाही की हायड्रॉसचा (रंग उजळायच्या रसायनाचा) डबा उघडायची सवय होती. मळी वेळेवर काढली की रंग आपोआप येतो, हे पोरांनी स्वतः करून बघितलं.

एक माहिती: लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राची पीएमएफएमई योजना आली. तिच्यात बेळगाव जिल्ह्याचं उत्पादन म्हणून गूळच ठरवलाय. यंत्रसामग्रीवर ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कर्जाला जोडून अनुदान मिळतं. प्रशिक्षणही त्याच योजनेत आहे. आमच्याकडं लोक यंत्राचं कोटेशन आणतात, प्रशिक्षणाचं कुणी विचारत नाही. नवीन स्टीलची काहील बसली आणि खाली जाळ घालणारा तोच, काहीच न शिकवलेला. यंत्राच्या अर्जाबरोबर पोरांची नावं प्रशिक्षणाला द्या.

---

रवाळ

नातबाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजोबांना नमस्कार सांगा.

---

लॅबवाली

मी एका दुधाच्या पदार्थांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. मायक्रोबायॉलॉजीची पदवी. सगळे दहावी-बारावीच्या मुलांबद्दल बोलतायत, पण आम्ही पदवीधरही कोरेच येतो. पहिल्या दिवशी माझ्या हातात लॅक्टोमीटर दिला तर मी तो उलटा धरला होता.

शिकवण्याची एक गोष्ट मात्र माझ्या हातून चांगली झाली, ती सांगते. पॅकिंगची मुलं हात धुतच नव्हती. सांगून, ओरडून, पोस्टर लावून झालं. मग एक दिवस दोन पेट्री प्लेट, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या बश्या, घेतल्या. एका मुलाला म्हटलं, तुझी चार बोटं यावर टेकव. मग साबणानं वीस सेकंद हात धू, कोरडे कर, आणि दुसऱ्या प्लेटवर टेकव. दोन्ही प्लेट ३७ अंशाला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून दाखवल्या. पहिलीवर चार बोटांचे चार ठसे, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांनी भरलेले, एका नखाच्या जागी तर सलग रेघ. दुसरीवर तुरळक पाच-सात ठिपके. कुणी काही बोललं नाही. त्या मुलानं संध्याकाळी नेलकटर विकत आणला आणि बेसिनजवळ टांगला. अजून तिथंच आहे.

भट्टीवाला, तुमच्या पहिल्या महिन्यात हे घाला, प्लेट मी तयार करून देते. शिवाय अन्न हाताळणाऱ्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस हे नियमातच आहे. पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक हवा, त्याचं फॉस्टॅक, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारमान्य प्रशिक्षण, एका दिवसात होतं. हुशार पोराला तिथं पाठवा. दहावी झालेला मुलगा ‘हा आमचा सुपरवायझर’ म्हणून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याची मान कशी ताठ होते ते मी बघितलंय.

---

झेरॉक्स_आणि_ऑनलाइन

ही सगळी पानं मी टाइप करून देतो, मराठी आणि कानडी दोन्हीत. पैसे नकोत. बेकरी, काजू आणि गूळ यांची वेगवेगळी.

---

मराठी_शाळेचा_मास्तर

कानडी तपासून देतो.

---

रवाळ

मिठाईचं पान मी लिहितो. दुधापासून पॅकिंगपर्यंत. कढईचा शेवटचा अर्धा तास लिहिणार नाही, पण एक मुलगा शेजारी उभा करीन. बघू दे.

---

भट्टीवाला

रवाळ, हे मी कागदावर छापून बेकरीत लावणार आहे!

ठरवूया. येत्या रविवारी सकाळी अकराला माझ्या बेकरीत भेटू, तोवर भट्टी थंड झालेली असते. ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या कामाचं पहिल्या महिन्याचं एकच पान घेऊन यावं. सहा महिन्यांचं एकदम नको, नाहीतर कुणाचंच होणार नाही. लॅबवाली ताई प्लेट आणतील. श्रावणात आलेला मुलगा सगळ्यांना पाण्याच्या तापमानाचा हिशोब करून दाखवेल, त्याला आत्ताच सांगितलं तर लाजून आत पळाला. अप्रेंटिसचा करार मी त्याचाच पहिला करतोय, आधारवरचं नाव दुरुस्तीला टाकलंय. पत्ता निरोपातून कळवतो.

---

वडगावची_आई

मुलाला हा धागा वाचायला दिला. वाचला, बोलला काही नाही. आज संध्याकाळी आपणहून विचारलं, रविवारी किती वाजता. आम्ही येतो. येताना काय आणायचं?

---

भट्टीवाला

या ताई. नखं कापून यायचं आणि एक कोरी वही. पेन इथं आहे. आणि त्याला सांगा, माझ्याकडं कढई नाही, भट्टीजवळही पहिले तीन महिने मी कुणाला जाऊ देत नाही.